जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला जाताना

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं आणि गोरेवाडा मागे पडला की थोड्याच वेळात जुनापाणी येतं. शहरापासून फार तर 10-12 किलोमीटर. या माळावर सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठमोठे काळे दगड गोलाकार मांडून केलेली दफनं. ती लोहयुगातली, आणि विदर्भातल्या लोहयुगाचा काळ साधारण इसवी सनपूर्व 1000 ते 300 असा धरतात. आपल्याकडे कोणी किल्ला बांधायच्या, लेणी खोदायच्या आधीची ही माणसं. तरीही नागपुरात जन्म काढलेल्या किती जणांनी ही जागा पाहिली आहे, असं विचारलं की बहुतेक माना नकारार्थी हलतात. जे जाऊन येतात त्यांच्यातले निम्मे म्हणतात, "काही नाही हो, दगडच दगड आहेत."

त्यांना दगडच दिसले, कारण कसं पाहायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

मी 31 वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केली. साखळी, प्लेन टेबल, मग इलेक्ट्रॉनिक यंत्रं, सगळ्यांवर हात बसला. पण हातात काहीही असलं तरी आमचं सगळं काम एका गोष्टीवर उभं असतं: हद्दीचा दगड जागेवर आहे की नाही. दगड बोटभर झिजला, अर्धा फुटला, तरी जागेवर असेल तर तो साक्ष देतो. तोच दगड उचलून चार पावलांवर ठेवला की तो नुसता दगड. शिळावर्तुळाचंही तंतोतंत असंच आहे. दगडावर नाव नाही, लेख नाही. तो कुठे आहे, कोणाच्या शेजारी आहे, त्याचा कोणता अंग बाहेर आहे, एवढीच त्याची भाषा. त्यामुळे तिथे गेल्यावर पहिला आणि शेवटचा नियम एकच: काहीही हलवायचं नाही. बसायला सोयीचा म्हणून एखादा धोंडासुद्धा सरकवायचा नाही.

आता जायचं कधी. दिवाळी झाली की सुरुवात करा आणि फेब्रुवारी संपेपर्यंत आटपा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं, निम्मे दगड त्यात बुडतात, आणि सापांचा धोका असतो तो वेगळाच. मार्चपासून ऊन असं तापतं की काळ्या दगडाला हात लावता येत नाही. एप्रिल-मे तर विसराच. पळस फुलायच्या सुमाराला माळ फार देखणा दिसतो, तेवढ्यासाठी मी दरवर्षी एक सकाळ राखून ठेवतो, पण नवख्या माणसाने डिसेंबर-जानेवारी धरावा.

पावसाळ्याबद्दल बोललो तर हिस्लॉप साहेबांचं सांगायलाच हवं. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप. मिशनरी होते आणि भूगर्भशास्त्राचे जाणकार. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला अशीच वर्तुळं आहेत, तिथलं खोदकाम पाहायला ते गेले होते. परत येताना अंधारात पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. तारीख 4 सप्टेंबर 1863. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या अभ्यासाच्या अगदी सुरुवातीलाच हा मृत्यू आहे. आजही या भागातले नाले तासाभरात फुगतात आणि तासाभरात ओसरतात. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जात असेल तर थांबा. वर्तुळं अडीच हजार वर्षं तिथेच आहेत, तुमच्यासाठी आणखी एक दिवस थांबतील.

बरोबर काय घ्यायचं? पूर्ण पायघोळ पँट आणि घोट्यावर येणारे बूट. सँडल घालून गेलात तर कुसळं मोज्यात नाही, थेट कातडीत शिरतात. माणशी दोन लिटर पाणी. डोक्याला दुपट्टा. चौकटीची वही, पेन्सिल, 30 मीटरचा टेप, आणि घरातला दाढीचा छोटा आरसा. आरसा कशाला ते पुढे सांगतो. खडू मात्र घरी ठेवा. दगडावरच्या खुणा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून लोक त्यात खडू भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खडूचा चुरा खळग्यात बसून राहतो, आणि मागून येणाऱ्याला मूळ खळगा कुठवर आणि खडू भरणाऱ्याची कल्पना कुठवर, हे कळत नाही. पाणी ओतून दगड घासणंही नको. दगडावर शेवाळ, दगडफूल धरलेलं असतं, तेही त्या दगडाच्या वयाचाच भाग आहे.

एकट्याने जाऊ नका. दोघं असले तर टेप धरायला सोयीचं पडतं, आणि माळावर पाय मुरगळला तर हाक मारायला कोणी असतं. गाडी पांदणीच्या तोंडाशी एका बाजूला लावा, बैलबंडी नि ट्रॅक्टर जाईल इतकी जागा सोडून. जुनापाणीची जागा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही, असा 2010 पासूनचा कायदा आहे. पण विदर्भातली पुष्कळ वर्तुळं अशा हद्दींच्या बाहेर, लोकांच्या वावरात आहेत. तिथे जायचं तर आधी शेतमालकाला रामराम घाला, कुठून आलात ते सांगा, विचारा आणि मगच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवा. तूर उभी असेल तर ओळीतून चालत जाऊ नका, धुऱ्याने वळसा घ्या.

म्हाताऱ्या माणसांशी तर बोलाच. हिंगण्याकडच्या एका वावरात मला एक आजोबा भेटले होते, गुरं राखत होते. मी विचारलं, हे गोल कोणाचे? म्हणाले, "हे गवळ्याईचे गोटे होय, भाऊ. माह्या बापानं याईले हात नाही लावला, मी कायले लावू?" ही वर्तुळं गवळी राजांची, असं इथले लोक इंग्रजांच्या काळातही सांगत असत. गवळी राजांचा पुरावा नाही, पण या समजुतीने वर्तुळं राखली, याचं मोल मला फार वाटतं.

माळावर पोचलात की लगेच दगडांमध्ये घुसू नका. थोड्या उंचवट्यावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं पाहा. सुरुवातीला सगळीकडे विखुरलेले धोंडे दिसतात. मग एका ठिकाणी कमान जुळते, तिचं दुसरं टोक सापडतं, आणि एकदम गोल पूर्ण होतो. पहिला गोल दिसला की मग डोळ्याला सवय होते आणि शेजारचा, त्याच्या पलीकडचा, असे दिसतच जातात. हे पहिल्या भेटीतलं सगळ्यात सुंदर दृश्य आहे. घाई करून ते घालवू नका.

तरी एक गोष्ट तपासून घ्या, कारण माळावर गोल करून मांडलेला प्रत्येक दगड दफनाचा नसतो. शेतकरी वावरातले दगड वेचून ढीग घालतात, गुराख्यांचे जुने वाडे असतात. वाड्याचे दगड एकावर एक रचलेले आणि आत जायला फट ठेवलेली. शेतातल्या ढिगाला धड कडाच नसते. शिळावर्तुळाचे दगड एकेक सुटे, मोठे, अर्धेमुर्धे जमिनीत गेलेले असतात, आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किंचित फुगीर असते, मुरूम नि गोटे मिसळलेली. जमिनीच्या पातळीला डोळा नेऊन पाहा, उकिडवे बसा, म्हणजे तो फुगीरपणा कळेल. त्या फुगीर भागाखाली माणूस आहे. मृताची हाडं, बरेचदा निवडक हाडंच, आणि त्याबरोबर भांडी, लोखंडाची हत्यारं ठेवून वरून काळी माती, मुरूम, गोटे घालायचे आणि भोवती दगडांचा फेर धरायचा, अशी साधारण पद्धत. म्हणून मी आत शिरण्याआधी पायातले बूट काढतो. तुम्ही काढलेच पाहिजेत असं नाही, पण वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून डबा उघडू नका.

आता एकच वर्तुळ निवडा. सगळी 300 एका दिवसात पाहायला निघालात तर एकही दिसणार नाही. ज्याचे दगड बऱ्यापैकी शाबूत आहेत असं एक धरा आणि त्याला पूर्ण तास द्या.

आधी बाहेरून एक फेरी मारा आणि दगड मोजा. सुरुवात कुठून केली ते लक्षात राहावं म्हणून पाण्याची बाटली तिथे ठेवा. मग उलट्या दिशेने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहा. मोजणीत आम्ही हेच करतो. मग टेप. उत्तर-दक्षिण एक व्यास, पूर्व-पश्चिम दुसरा. दगडाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरा, आणि तसं वहीत लिहून ठेवा, कारण कोणी बाहेरच्या कडेने मोजलं तर आकडा मीटर-दीड मीटरने बदलतो. दोन्ही व्यास जिथे एकमेकांना छेदतात तिथून प्रत्येक दगडाचं अंतर आणि दिशा घेतली की चौकटीच्या वहीत वर्तुळ आपोआप उतरतं. अर्ध्या मीटरला एक चौकट हे माप सोयीचं पडतं. दोन व्यास सारखे आले नाहीत तर टेप चुकला असं समजू नका, गोल थोडा लांबटही असतो.

दिशा पाहायला मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण दगडाला टेकवून धरू नका. या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो, त्याच्या जवळ सुई भरकटते. दोन-तीन मीटर दूर उभे राहा, दोनदा पाहा.

हे सगळं कशाला, फोटो काढला की झालं, असं माझा मुलगा म्हणत असे. फोटोत दगड दिसतात, त्यांच्यातलं अंतर दिसत नाही. मोजायला बसलं की कोणते दोन दगड जवळजवळ टेकलेत, कुठे दगड असायला हवा होता नि नाही, कुठे बाहेरून दुसरा फेर आहे, हे हाताला कळतं. दुहेरी फेराची वर्तुळंही असतात.

मग येतात खळगे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ओळीने, कुठे दोन समांतर ओळींत, तर कुठे अधिकच्या चिन्हासारखे मांडलेले. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली या वर्तुळांवर लिहिलं, तेव्हाच त्याने या खळग्यांची दखल घेतली होती. ते का कोरले याचं उत्तर अजून पक्कं नाही. अलीकडे काही खगोल अभ्यासकांनी त्यांच्या दिशा मोजून सूर्याशी संबंध लावायचा प्रयत्न केला आहे. मला स्वतःला त्या उत्तरापेक्षा ते हात जास्त दिसतात. लोखंडाची पटाशी नि हातोडी घेऊन इतक्या कठीण दगडात एकेक वाटी गोल करत बसलेला माणूस.

पहिल्या तीन खेपांत मला एकही खळगा सापडला नव्हता. तिन्ही वेळा मी दुपारी गेलो होतो. ऊन डोक्यावर असलं की खळग्यात सावलीच पडत नाही आणि दगड सपाट दिसतो. चौथ्या खेपेला नात बरोबर होती, सातवीत होती तेव्हा. मी टेप गुंडाळत होतो. ती एका दगडाजवळ बसून त्यावर हलकेच बोट फिरवत होती आणि म्हणाली, "आबा, इथे दगडाला खड्डे आहेत. एका ओळीत." मी जाऊन पाहिलं, काही दिसेना. तिने माझं बोट धरून त्या दगडावर ठेवलं. एक खळगा, मग एक बोटभर सपाट, मग दुसरा, मग तिसरा. करंगळीचं टोक मावेल एवढे. त्याच दिवशी पाच वाजता ऊन तिरपं झालं आणि त्या दगडावर एकदम सहा काळ्या सावल्या उमटल्या, शाईचे थेंब पडावेत तशा. तिथे मी बसलोच खाली.

म्हणून सूर्य उगवल्यावर पहिला दीड तास किंवा मावळायच्या आधीचा दीड तास, हीच वेळ खळग्यांची. आणि मधल्या वेळी पोचलात तर तो आरसा. जोडीदाराने दुपट्टा धरून दगडावर सावली करायची, तुम्ही बाजूला बसून आरशाने ऊन पकडायचं आणि दगडाच्या पृष्ठावरून घासून जाईल असं आडवं टाकायचं. कोन थोडा थोडा बदलत राहा. जिथे खळगा असेल तिथे एका कडेला चंद्रकोरीसारखी सावली उठते. दगडाचा माथा आणि बाहेरचा अंग दोन्ही बघा. नैसर्गिक खड्डे वेडेवाकडे, खरबरीत असतात. कोरलेला खळगा आतून गुळगुळीत आणि काठाला गोल असतो, आणि सहसा एकटा नसतो. फोटो काढताना शेजारी पेन्सिल ठेवा, आकार कळायला.

जमिनीवर खापराचा तुकडा दिसेल. वर लाल, आत काळा, असा असेल तर थांबून पाहा. ही काळी-तांबडी भांडी. भट्टीत भांडं पालथं घालून भाजत. आतल्या अंगाला आणि काठाला हवा न मिळाल्याने तो भाग काळा, उघडा राहिलेला भाग लाल. कुंभाराने कोणता रंग लावलेला नाही, सगळी आगीची करामत. तुकडा पाहा, फोटो घ्या आणि होता तिथेच, होता तसाच राहू द्या. खिशात घालून घरी आणलेला तुकडा शोकेसमध्ये पडून राहतो आणि कोणत्या वर्तुळाचा ते तुम्हीही दोन वर्षांत विसरता.

गुप्तधनाच्या आशेने खणणारे लोक आहेत, त्यांचे खड्डे तुम्हाला दिसतील. मधोमध खड्डा, कडेला मुरमाचा ढीग. या वर्तुळांत हंडे नाहीत. सोन्याचे बारीक दागिने काही दफनांत मिळाले आहेत, पण मुख्यतः मिळतं ते गंजलेलं लोखंड, तांबं, मणी आणि फुटकी भांडी. शिवाय जमिनीत सापडलेल्या 10 रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते, 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. ताजा खड्डा दिसला तर फोटो, तारीख आणि मोबाइलवरचं ठिकाण घेऊन पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा. मी दोनदा कळवलं आहे.

एक दुखणं सांगतो. एका गावाजवळ, संरक्षित हद्दीबाहेर, मी एक वर्तुळ मोजलं होतं. 27 दगड, आतला व्यास 11 मीटर 40 सेंटिमीटर. सहा वर्षांनी गेलो तर जागेवर आठ उरले होते. बाकीचे धुऱ्यावर रचलेले, छान ओळीने. ज्याने केलं त्याला मी दोष देत नाही, त्याला वावर सपाट करायचं होतं आणि ते दगड काय आहेत हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मी वही काढून त्याला जुना नकाशा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, परत मांडू का? नाही म्हणालो. हद्दीचा दगड एकदा उचलला की तो माझ्या अंदाजाने परत लावता येत नाही. पण उरलेल्या आठांभोवती त्याने नांगर फिरवला नाही, गेल्या वर्षीपर्यंत तरी.

जुनापाणी नीट पाहून झाल्यावर पुढे कुठे, असं विचाराल तर माहूरझरी. तीही काटोल रस्त्याकडूनच. तिथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1970 नंतर उत्खनन केलं. माणसाबरोबर घोडाही पुरलेला मिळाला, त्याच्या तोंडातला लोखंडी लगाम आणि चेहऱ्यावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साज. माहूरझरी पुढच्या काळात मणी घडवण्यासाठी नावाजलेलं गाव होतं. पेंच नदीकाठच्या नायकुंडला देव आणि जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे या लोकांची हत्यारं कुठून तरी विकत आलेली नव्हती, ती इथेच, याच मातीत गाळली जात होती. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातलं हिरापूर वेगळ्या जातीचं आहे. तिथे गोल नाहीत, उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकून केलेल्या खोल्या आहेत. पण ते दुसऱ्या दिवसाचं काम.

नागपुरातल्या अजब बंगल्याच्या मध्यवर्ती संग्रहालयात मात्र जरूर जा, आणि माळ पाहिल्यानंतरच जा. आधी गेलात तर काचेतली कुऱ्हाड ही नुसती गंजलेली कुऱ्हाड वाटते. जुनापाणीच्या दफनांत अशा कुऱ्हाडी निघाल्या, त्यांना दांड्याशी आवळून धरायला लोखंडाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या मारलेल्या. बी. के. थापर यांनी 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्यातर्फे इथे उत्खनन केलं. माळावर एक तास उकिडवं बसून आल्यावर त्या पट्टीकडे पाहिलं की कोणाचा तरी दांडा ढिला झाला होता आणि कोणीतरी तो आवळून दिला होता, हे डोळ्यांसमोर येतं.

निघताना अंधाराच्या आधी निघा. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, संत्र्याची सालंसुद्धा परत आणा. वहीत नकाशाखाली तारीख, वेळ आणि दगडांची संख्या लिहा, सोबत कोण होतं तेही. पुढच्या वर्षी याच महिन्यात, याच वर्तुळापाशी जा, वही उघडा आणि दगड पुन्हा मोजा. आकडा जुळला तर शेजारी नवी तारीख टाका. नाही जुळला तर जो नाही त्याच्या जागी नकाशावर फुली मारा आणि त्याच दिवशी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा, नकाशाची झेरॉक्स जोडून.